तिरकी वाट

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत, कारण एकदा चिकटली की सुटायची नाही. तीन वर्षं ती एकाच अर्धवाहकाला चिकटली होती. संगणकात त्याचे अणू मांडायचे आणि इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं गणित करायचं, हे तिचं काम.

या पदार्थात निम्मे अणू वर तोंड केलेले चुंबक आणि निम्मे खाली, म्हणून एकूण चुंबकत्व शून्य. पण दोघांभोवती शेजारच्या अणूंनी केलेले पिंजरे एकमेकांच्या तुलनेत फिरलेले होते. त्यामुळे ऊर्जेच्या आलेखात वर आणि खाली तोंड केलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रेषा अलग व्हायलाच हव्यात, असं ती छातीठोकपणे सांगायची. म्हणजे हा आल्टरमॅग्नेट, एकूण चुंबकत्व शून्य असूनही या रेषा अलग करणारा नव्या जातीचा चुंबक. आलेखात मात्र रेषा एकमेकींवर चिकटलेल्या. तिच्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं की येत्या बैठकीत विषय बदलू. तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

त्या संध्याकाळी ती वहिनीजवळ बसली. वहिनी शिवत होती आणि ही रागारागाने उरलेलं कापड ओढत होती. सरळ ओढलं की ढिम्म, तिरकं ओढलं की ताणायचं.

"माझ्या कापडावर कसला राग काढतेस?" वहिनी म्हणाली.

तिचे हात थांबले. आपण पदार्थाचा आलेख तिरक्या दिशेने काढून पाहिलाच नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

आलेख कोणत्या वाटेने काढायचा ते सांगणारी फाईल प्रयोगशाळेत थोरल्याकडून धाकट्याकडे येत असे. तिच्याकडे आली ती तशीच तिनेही वापरली होती, डोळे झाकून. आता उघडून पाहिली, तर वाट सगळी सममितीच्या ठरलेल्या दिशांनी. मधल्या तिरक्या जागेत एकदाही पाऊल नव्हतं, आणि त्या ठरलेल्या दिशांना तर सममितीमुळेच दोन्ही रेषा एकावर एक पडणार.

तिने स्वतःची वाट आखली. रेषा अलग झाल्या. आनंदाने उड्या माराव्यात असं वाटलं, पण घोरपडीने आधी ज्या बिंदूंवर गणित होतं त्यांची जाळी आणखी दाट केली. फरक तसाच राहिला. मग सगळ्या अणूंची तोंडं उलटी केली, वरची खाली आणि खालची वर, तेव्हा रेषांनीही जागा बदलल्या. एवढं झाल्यावरच बैठकीत तोंड उघडायचं ठरवलं.

बैठकीला ती भांडायच्या तयारीने गेली. जुनी वाट कशी चुकवते हे तिने काही हातचं न राखता सांगितलं, आणि ती कोण्या आळशाने आखली असावी असंही वर म्हणाली.

सर उठून आलेखाजवळ आले.

"ती मी आखली होती. तुझ्या वयाचा होतो," ते म्हणाले. "पदार्थही हाच होता. रेषा अलग होईनात, म्हणून मी सोडून दिला."

तिला आपल्या जिभेची लाज वाटली आणि सरांसाठी वाईट वाटलं. पण आलेख तिने पडद्यावरून काढला नाही.

"विषय बदलायचा नाही," सर म्हणाले. "नवी वाट सगळ्यांना पाठव. आधी मला."