पोच्यातली लुमी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. शंभर माणसांचा भात एका दमात शिजवणारा. कुणी साठ म्हणेल, त्याचं ऐकू नका. तो मोजायला उशिरा आला होता.

माझा जन्म कुडाळकडच्या एका तांबटाच्या हातोड्याखाली झाला. दत्ताराम या देवगडच्या आचाऱ्याने मला विकत घेतलं आणि १९७४ साली मुंबईहून बोटीने बहारीनला नेलं. बंदरावर उतरताना खलाशाच्या हातून लोखंडी साखळी सुटली आणि नेमकी माझ्या पोटात पडली. साखळी सहा मणांची होती. दत्तारामची बायको मथुरा म्हणते, नुसती एक कडी होती. पण ती तेव्हा बोटीवर नव्हती. ते असो. मला पोचा पडला, तोही उलटा. आतून लिंबाएवढा खड्डा, बाहेरून टेंगूळ. तेव्हापासून सपाट ओट्यावर मी जरा डुलतो.

राजधानी मनामाच्या बाजारात हाजी रहिमतुल्लांची खानावळ होती. तिथे दत्तारामने त्या बेटाचं सगळं रांधणं शिकून घेतलं. खजुराच्या पाकातला गोड भात आणि त्यासोबत तळलेले साफी मासे. सकाळी गोड शेवया, आणि त्यांच्यावर चक्क अंड्याचा पोळा. पण खरा मान मजबूसचा. कांदा, मसाला आणि माशाचं पाणी यांत शिजवलेला तो भात. त्याचा जीव असतो लुमीत. लुमी म्हणजे उन्हात वाळवून काळं ठिक्कर केलेलं लिंबू. दिसायला कोळसा, पण रश्श्यात पडलं की सगळी गल्ली वळून पाहते. मजबूस माझ्यातच व्हायचा. गिऱ्हाईकं बोटं चाटायची, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, आचारी बरा आहे, पण टोप बघा टोप!

१९८१ च्या हिवाळ्यात हाजींनी शहराच्या अदलिया भागात दुसरी, मोठी खानावळ काढायचं ठरवलं. तिथला आचारी कोण, हे त्यांची आई मसूदा ठरवणार होती. म्हातारीच्या हातचा मजबूस सगळ्या मनामाला ठाऊक. हाजींनी दत्तारामला सांगितलं, की शुक्रवारी नमाजानंतर आईला जेवायला आणतो. तिला पटलं तर अदलिया तुझं. नाही पटलं तर जुनी खानावळ मी बंदच करतोय, व्हिसा खलास, तू देवगडला.

नेमकी त्याच आठवड्यात मथुराची आई काशीबाई महिनाभरासाठी आली होती. सोबत उकड्या तांदळाची गाठोडी, तिरफळं आणि आमसुलांची पिशवी. या वाळवंटात माणसाने खावं असं काही नसणार, हे ती विमानात बसण्याआधीच ठरवून आली होती. शेवयांवरचा पोळा पाहून तिने पदर नाकाला लावला. आठ दिवस तिने बेटावरचं एक शीतही तोंडात घातलं नाही.

शुक्रवार उजाडला. माझ्या अंगावर ताजी कल्हई होती. रस्सा रटरटत होता, त्यात सात लुम्या नाचत होत्या. तंदुरातल्या गरम रोट्या आणायला दत्ताराम कोपऱ्यापर्यंत गेला, मथुरा मासे तळायला मागच्या अंगणात होती. काशीबाई सहज डोकावली. आत काळी पडलेली लिंबं! तिने झारा घेतला, एकेक उपसून माशाच्या खवल्यांत टाकलं आणि मूठभर आमसुलं माझ्या पोटात सोडली. मला हात असते तर मी तिचा झारा धरला असता. नव्हते, म्हणून मी पोचा वापरला. सातवी लुमी मी खड्ड्यात ओढून घेतली आणि वर कांदा पांघरला. तुम्ही म्हणाल, ती आपोआप अडकली. म्हणा बापडे.

दत्ताराम परतला, तर काशीबाई समाधानाने हात पुसत होती.

"जावयबापू, कुसकी लिंबां उकळत होती. मी भायर टाकलंय. नोकरी घालवतलास तुमी एकादीस."

दत्ताराम लुमीच्या डब्याकडे धावला. बाजार नमाजासाठी बंद, डब्यात लुमी मफी, म्हणजे एकही नाही. मग मागे वळला, कारण दुसरं काय करणार, आणि तांदूळ वैरले.

मसूदा आली. खाली बसून तिने परातीतला भात हाताने चाचपला, तशी आतून ती एकुलती लुमी निघाली. तिने ती फोडली, हुंगली, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग मुलाला काहीतरी म्हणाली.

"आई विचारते, लुमी एकच का?" हाजी म्हणाले. "आणि हे दुसरं आंबट कसलं?"

दत्ताराम म्हणणार होता, बाकीच्या विरघळल्या. पण डोक्यावर पदर घेऊन काशीबाईच पुढे आली. "मी टाकलंय," ती म्हणाली. "तेका बोल लावू नका." आणि तिने आमसुलांची पिशवी म्हातारीपुढे ठेवली.

मसूदाने एक आमसूल चोखलं. डोळे मिटले. मग फोडलेली अर्धी लुमी भाताच्या घासात घालून काशीबाईपुढे धरली. सगळे बघत होते. काशीबाईने डोळे मिटून घास घेतला, गिळला, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

म्हातारी हसत हसत बोलली, हाजींनी सांगितलं, "आई म्हणते, आचारी राहू दे. सासूला तेवढी चुलीपासून लांब ठेवा."

त्या रात्री मला घासताना पोच्यात चिकटलेली लुमीची साल दत्तारामला दिसली. तर अदलियाची खानावळ झाली. पुढे सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल झाला, पलीकडची गर्दी वाढली आणि स्टीलचे मोठे टोप आले. माझी कल्हई उडाली. आंबट चालेना, म्हणून मला कांदे ठेवायला कोपऱ्यात बसवलं. दोन वर्षं मी कांद्यांचा वास सोसला. मग एक दिवस दत्तारामला माझी आठवण झाली, आणि तो मला मुख्तार कल्हईवाल्याकडे घेऊन गेला. मुख्तारने हातोडा उचलला, म्हणाला, पोचाही काढून देतो.

"कल्हई कर," दत्ताराम म्हणाला. "पोच्याला हात लावू नको. माझा व्हिसा आहे तो."

तेव्हा मित्रांनो, जुन्या भांड्याला वेळेवर कल्हई करा, पण त्याचे पोचे त्याचे त्याला राहू द्या. आणि परक्या गावी गेलात तर आधी चाखा, मग टाका. काशीबाई आता दर मे महिन्यात देवगडहून आमसुलं पाठवते. सोबतच्या चिठ्ठीत नातवंडांची चौकशी शेवटी असते. पहिली ओळ ठरलेली: येणाऱ्याच्या हाती कुसकी लिंबां धाडा, गेल्या खेपेची संपली.