शिवणीतलं कापड

“अजून आत घ्या ना, मावशी.”

“आणखी आत घेतलं तर स्कर्टचे दोन्ही खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील,” शिवणमावशी म्हणाल्या. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे विनोद निम्माच बाहेर पडला. मुलगी हसली नाही. ती आरशात बघत होती, पण स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही.

मुलगी नववीतली. सहावीपासून तिचा गणवेश मावशीच शिवत. शाळेच्या वाटेवरच्या त्या खोलीत एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि तीस वर्षांच्या मापांच्या वह्या होत्या. प्रत्येक मुलाचं एक पान, दरवर्षी त्यावर एक नवी ओळ. मुलं वाढतात म्हणून मावशी शिवणीत दोन बोटं माया सोडत, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवत. कंबर वाढली की उसवायचं आणि तेच कापड बाहेर काढायचं. वह्यांमधले आकडे वर चढत गेलेले. या एका पानावर मात्र आकडा तीन महिन्यांत तिसऱ्यांदा खाली आला होता.

“आतलं कापड कापूनच टाका. फुगीर दिसतं.”

“मग पुढे सैल कसं करणार?”

“करायचंच नाहीये सैल.”

टेप फिरवताना मावशींच्या बोटांना मणके लागले. एवढ्या उकाड्यात पोरीचे हात गार होते.

“बरं नाही का गं तुला?”

“बरीये की.”

“पूर्वी त्या दोघींना घेऊन यायचीस. खोली डोक्यावर घ्यायचात.”

“त्यांचा ग्रुप वेगळा झाला. मागच्या वर्षी मला ढोली म्हणायच्या.”

“आता म्हणतात?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“आता काहीच म्हणत नाहीत,” मुलगी म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

काम झालं तरी ती अर्धा तास तिथेच बसे. वही उघडून गणितं करी, मध्येच काहीतरी सांगे. मावशींच्या खोलीत लोक येत ते कपडे द्यायला आणि न्यायला. बसायला येणारं माणूस हे एवढंच. म्हणून तिच्यासाठी बशीत बिस्किटं असत आणि दर वेळी बशी रिकामी होई.

निघताना ती दारात थांबली. “आईला नाही ना सांगणार? तिसऱ्यांदा आत घेतलं ते?”

“कपडे शिवते मी. बातम्या नाही देत घरोघर.”

स्कर्ट शिवायला ठेवून मुलगी गेली. कातरणं भरायला मावशींनी चिंध्यांची पिशवी उचलली, तर तळाशी बिस्किटं होती. आजची, गेल्या खेपेची, त्याच्याही आधीची. सगळी अख्खी. मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मुलीची आई बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसे. दुसऱ्या दिवशी मावशी मापांची वही काखेत धरून त्या रांगेत उभ्या राहिल्या.

“कुठलं देऊ?” मान वर न करता आईने विचारलं.

मावशींनी उघडं पान खिडकीतून आत सरकवलं.

आईने वरपासून वाचलं. शेवटच्या तीन ओळींवर तिचं बोट थांबलं. “हे… हे एवढ्यातलं? मला वाटलं, उंची वाढतेय म्हणून बारीक दिसते. डबा तर रोज रिकामा आणते हो.”

“बशीही रिकामीच असायची,” मावशी म्हणाल्या आणि पिशवीतलं सांगितलं.

“अहो बाई, गप्पा घरी मारा!” मागून कोणीतरी ओरडलं. आईने खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली.

चार दिवसांनी मुलगी आली. स्टुलाकडे वळलीसुद्धा नाही.

“सांगणार नाही म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“मग?”

मावशींनी रात्रभर चार उत्तरं जुळवून ठेवली होती. “स्कर्ट तयार आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मुलीने तो पिशवीत कोंबला आणि ती निघून गेली.

त्यानंतर मावशींनी स्टुलावर कपड्यांचा ढीग कधी रचला नाही. बसायला मात्र कोणी आलं नाही.

सात महिन्यांनी तोच स्कर्ट घेऊन आई आली. “डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. ताटावरून अजून रडारड होते. पण हा आता काचतोय तिला.”

“आणि ती?”

“बाहेर उभी आहे. आत यायचं नाही म्हणाली. मापसुद्धा देणार नाही.”

दारातून रस्त्यापलीकडची पाठमोरी वेणी दिसली. मावशींनी शिवण उसवली. आतलं कापड त्यांनी कापलं नव्हतं. बाहेरचा रंग धुऊन धुऊन विटला होता, आतली पट्टी नव्यासारखी निळी होती. अंदाजाने त्यांनी अर्धा इंच बाहेर काढलं, उरलेलं पुन्हा आत दुमडलं आणि टीप मारली.

आई स्कर्ट घेऊन गेली. दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मावशी दारात उभ्या होत्या. वेणी एकदाही मागे वळली नाही.

मग त्यांनी वही काढली. त्या पानावर आजची तारीख लिहिली. आकड्याची जागा मोकळी ठेवली आणि पेन्सिल तिथेच ठेवून वही मिटली.