अर्ध्या एचपीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची मोटर आहे, अर्ध्या एचपीची. सध्या संभाजीनगरातल्या एका मिस्त्रीच्या दुकानात फळीवर पडून आहे. माझं वाइंडिंग जळालंय, राग मात्र शाबूत आहे.

मला तात्यासाहेबांनी आणलं. ते नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. माझ्या जिवावर त्यांचा हौद काठोकाठ भरायचा. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दसऱ्याला मला हळदकुंकू लावून म्हणायच्या, "लई गुणाची गं बाई ही!" काय ते दिवस होते!

मग शेजारच्या कडुबानं एक एचपीची मोटर लावली. लाइन एकच. त्या भवानीनं पाणी असं ओढलं, की माझ्या तोंडाला थेंब लागेना. तासभर कोरडी फिरले, अंग भाजून निघालं. नेमकं त्याच दिवशी घरी भाचीचं डोहाळजेवण. पाहुण्यांना हात धुवायला पाणी नाही! द्वारकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. तात्यासाहेब एवढंच म्हणाले, "बघतो त्याला." मीही मनात तेच म्हटलं.

वर्षभरानं कडुबा दारात आला. "तात्या, येत्या पाण्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या विशाखाचा साखरपुडा हाय. मागल्या टायमाला माझं चुकलं, माफी करा. पोरीच्या शुभकार्यात कुणाची हाय नको. ह्या बारीला दोघंबी मोटरी बंद ठिवू. नळाला येईल ते दोघांचं."

तात्यासाहेबांनी रेघांचा कागद काढला. शेजारी राष्ट्रांनी कसं नांदावं, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तेच आता मोठ्यानं म्हणत कागदावर उतरवलं. एकमेकांच्या हद्दीचा मान राखायचा, आगळीक करायची नाही, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, दोघांनी बरोबरीनं आणि दोघांच्या फायद्याचं वागायचं, गुण्यागोविंदानं राहायचं. "दोन देश काय अन् दोन घरं काय, कडुबा, नियम तेच," ते म्हणाले. कडुबानं सही केली. वर स्वतःच्या मोटरीचा फ्यूज काढून त्यांच्या हातात ठेवला. "इस्वास हाय तुमच्यावर," म्हणाला.

पाण्याच्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी माझ्यावर ओलं गोणपाट टाकलं, त्यावर जुनी गोधडी, आणि बटण दाबलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी खूश झाले. आता सोडते की काय! सगळा जीव एकवटून मी कडुबाच्या वाट्याचं पाणी खेचलं. एवढं खेचलं की हौद भरून वाहू लागला आणि ओघळ थेट कडुबाच्या उंबऱ्याशी गेला.

विशाखा रिकामी घागर घेऊन आत आली. ती तात्यासाहेबांचीच विद्यार्थिनी. तिनं गोधडी आणि गोणपाट ओढून काढलं.

"सर, ह्याच पाच नियमांना तुम्ही मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते."

"आमच्याकडं काय झालं होतं, ते तुझ्या बापाला विचार!"

"त्याचीच माफी मागून गेले ना ते? फ्यूज द्या सर."

तात्यासाहेबांनी मान खाली घालून फ्यूज दिला. तोवर नळ गेला होता. साखरपुडा टँकरच्या पाण्यावर झाला आणि गल्लीत जो तो विचारत होता, टँकर का लागला?

पुढच्या पाण्याला कडुबाच्या अंगणात दोन एचपीची मोटर बसली होती. दहा मिनिटांत माझा धूर निघाला. विशाखा गच्चीवरून बघत होती. धूर विरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

आता तात्यासाहेब रोज दुकानात येतात. "हिचा जोर वाढवा," म्हणतात. "ह्या बॉडीत नाय वाढत, सर," मिस्त्री सांगतो. तरी उद्या पुन्हा येतील. तो करार त्यांच्या खिशातच आहे, चार घड्या घातलेला. नियमांत काही खोट नव्हती, मी एकेक ऐकलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी हात जोडून उलटं सांगते, मला दुरुस्त करू नका. नवी तार भरलीत, तर मी पहिली कडुबाच्या लाइनीवर धावून जाईन. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. त्यापेक्षा मला भंगारात घाला.