नळीच्या तोंडावरची माती

एटापल्लीच्या रानात विमान पडल्याचं चांदा शहरात दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. पोलीस जमादार सायकल हातात धरून विमानाच्या शेडपर्यंत चालत आला. लटारू तेव्हा पेट्रोलचे रिकामे डबे उन्हात उपडे घालत होता.

"लटारूभाऊ, गुणवंतराव वाचले. पाय मोडला."

"अन् आमची?"

जमादार सायकलीची घंटी नुसती चाचपत राहिला.

लटारूची बायको रंभा सरकारी दवाखान्यात नर्स होती. छप्पन सालचा तो भादवा. तिकडे एटापल्लीला पटकीची साथ, नद्यांना पूर, रस्ते बंद. लस घेऊन तिलाच जावं लागलं. विमान दोनच माणसांचं. चालवायचे गुणवंतराव, निगा राखायचा लटारू. नवराबायको शेडला लागून असलेल्या खोलीतच राहत.

त्याआधी पंधरा दिवस पावसाने विमान जागचं हललं नव्हतं. तेवढ्यात कुंभारीण माशीने पंखाखालच्या नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलं. त्या नळीतून टाकीत हवा जाते. हवा गेली नाही तर पेट्रोल इंजिनाकडे उतरत नाही. हे लटारूला पाठ होतं. तो काडी घेऊन खरवडायला गेलाही. पण कुंभारीण घर बांधते तिथे पाळणा हलतो म्हणतात, आणि यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"काऊन मोडता? राहू द्या न," रंभा म्हणाली. "तुमचं इमान कुठी उडून चाललं आता?"

"नर्स होऊन हे मानते तू?"

"रोज दुसऱ्यांचीच बाळंतपणं करून राह्यली मी. एवढं तं मानू द्या."

दोघं हसले. पिल्लं उडाली की काढू, असं लटारूने ठरवलं.

मग एका सकाळी अचानक हुकूम आला. लटारूने तेल पाहिलं, पेट्रोलची टाकी भरली, तिच्या तळाशी साचलेलं पाणी सोडलं, लशीच्या पेट्या चढवल्या. रंभा पहिल्यांदाच विमानात बसत होती. तिला पट्टा बांधता येईना.

"बाई, डोळे मिटू नका," गुणवंतराव म्हणाले. "वरून चांदा पहा. नाईतर घरी आल्यावर लटारूले काय सांगाल?"

लटारूने तिचा पट्टा बांधला. भाकरीचं गाठोडं मांडीवर दिलं. या गडबडीत पंखाखालून शेवटची फेरी मारायची राहिली, आणि नळीतली मातीही.

नागपूरहून चौकशीला साहेब आले. पेट्रोल न पाहता विमान उडवलं, असा त्यांना गुणवंतरावांवर संशय होता. लटारू रोज दवाखान्यात गुणवंतरावांना डबा नेई.

"भाऊ, तू तं सांग. टाकी भरली होती का नाई?"

"भरली होती."

"मंग इंजिन काऊन बंद पडलं?"

"भात थंडा होते. जेवा."

"तुही बायको गेली, अन् तूच मले जेवू घालून राह्यला," गुणवंतराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौकशीत लटारूने टाकी भरली होती, एवढंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, आणखी काही? नळीचं सांगायचं तर ती का साफ केली नाही तेही सांगावं लागलं असतं. मग कारकुनाने रंभाचं बोलणं कागदावर उतरवलं असतं, आणि दोष तिच्यावर गेला असता. लटारू म्हणाला, नाही.

दुसरं कारण सापडलं नाही, म्हणून दोष गुणवंतरावांवर आला आणि त्यांचा परवाना गेला. ते काठी टेकत गावी गेले. नळीचं लटारूने अजून कोणाला सांगितलेलं नाही.