इशबेलचा शेवटचा दगड

ऊनाने पाठीवरचा पाण्याचा डबा सावरला आणि मागे मागे सरकत ती बर्फावर कोमट पाणी शिंपडू लागली. थेंबाशेजारी थेंब पडला, पडल्या जागी गोठला. या बारीक खडीवरूनच तर कर्लिंग या बर्फावरच्या खेळातला जडशीळ दगड घसरत जातो.

शिडीवरून डूगलकाका ओरडले, "पाटी सरळ आहे का गं?"

"पाटी सरळ आहे. तुम्हीच कललायत."

"साठ वर्षं या गारठ्यात काढ, मग बघू तुझं!"

पाटीवर सोनेरी अक्षरांत पाच नावं होती. पर्थशायरच्या या क्लबातून ब्रिटनसाठी पदक आणणाऱ्यांची. चौथ्या आलेल्यांची नावं कुणी सोन्याने लिहीत नाही.

"तुझ्या बहिणीला कळवलंस?"

"चिठ्ठी टाकलीय. पण चौदा वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे एक अक्षर नाही तिचं. पाटी बघायला कशाला येईल ती?"

काकांनी खिळा ठोकला.

चौदा वर्षांपूर्वी हिवाळी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा सामना अगदी शेवटच्या दगडावर येऊन ठेपला होता. दगड सोडला इशबेलने, संघाच्या कप्तानाने. दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढे कुंच्याने बर्फ घासत ऊना धावत होती. तिच्या कुंच्याचे दोन केस दगडाला लागले, आणि कुंचा लागलेला दगड बाद. पंचांना दिसलं नाही, समोरच्या संघालाही नाही. पण या खेळात पंचाच्या शिटीची वाट कुणी बघत नाही. ज्याचा कुंचा लागला त्यानेच सांगायचं. ऊनाने हात वर केला. दगड बाजूला काढला गेला, पदक दुसऱ्यांच्या गळ्यात पडलं. रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांसाठी पेले भरले. इशबेलने आपला पेला ओठाला लावला नाही. उठली आणि गेली.

दार करकरलं. राखाडी कोटातली बाई काठाशी येऊन थांबली. केस पिकले होते, उभं राहणं तेच होतं.

ऊना मागे सरकायची थांबली. एकाच जागी पाणी सांडलं.

"डबकं करशील," इशबेल म्हणाली.

"ताई."

दोघी काठावरच्या बाकावर बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"अजून राग आहे?" ऊनाने विचारलं.

"तुझ्यावर कधीच नव्हता गं." इशबेलने हातमोजा काढला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "दगड सोडून मी मागून येत होते ना? कुंचा लागताना मी पाहिला."

ऊना तिच्याकडे वळली.

"मनात एकच घोकत होते. बोलू नकोस, ऊने, बोलू नकोस. दगड माझा, संघ माझा. हात आधी मी वर करायला हवा होता." तिने दुसराही हातमोजा काढला. "आणि सगळं गाव मला म्हणायचं, बहिणीने घालवलं गं तुझं पदक. मी ऐकून घ्यायची. मग कुठल्या तोंडाने येऊ तुझ्यासमोर?"

ऊना सरकून जवळ आली. बहिणीचे गारठलेले हात तिने आपल्या काखेत धरले, थंडीत लेकरांचे धरतात तसे.

"झालं ते झालं," ऊना म्हणाली. "आता काकांच्या कानावर घालू नकोस. उद्यापर्यंत सगळ्या पर्थशायरला कळेल."

इशबेलने हात सोडवून घेतले आणि ती उठली.

"डूगलकाका," तिने शिडीकडे बघत हाक मारली, "जरा खाली येता का?"