बाटलीमागची बारीक अक्षरं

"औषधांशिवाय आणखी काही चालू होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "पालेभाजीसुद्धा मी बेतानं वाढते यांना."

पडद्याआड भाऊजी धापा टाकत होते. त्यांच्या हृदयात बसवलेल्या धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी ते कधी चुकवत नसत, तरी तपासणीत रक्त घट्ट निघालं होतं.

"मग गोळीच कमी पडतेय. यापुढे डोस बराच वाढवावा लागेल."

ताईशेजारी उभ्या धाकट्या बहिणीनं खांद्यावरची पिशवी पोटाशी धरली. आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. नवरा गेल्यावर याच बाटल्या विकून ती सावरली होती. गल्लीत तिला कॅप्सूलवाली मावशी म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

भाऊजींनी त्या कॅप्सूल आपणहून मागितल्या होत्या. "तुझ्या ताईला सांगू नकोस हं. पालकाच्या भाजीकडे नुसतं बघितलं तरी डोळे वटारते." दोघं हसली होती.

"मी दिल्या," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा सांगावं लागलं. "भाज्या-फळांच्या कॅप्सूल. गेले दोन महिने."

ताईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"बाटली आहे? मागचं वाचा," हातमोजे चढवत डॉक्टर म्हणाल्या.

"गाजर, बीट, डाळिंब, सफरचंद..." सवयीनं तिला तो बायकांपुढचा सूर लागला. तिचा तिलाच तो नकोसा झाला.

"पुढे."

"पालक, कोबी, ब्रोकोली. व्हिटॅमिन के..."

"किती?"

हे ती नेहमी ठसक्यात सांगायची. आता अक्षरं डोळ्यांपुढे हलू लागली. "रोजच्या गरजेच्या दुप्पट."

"व्हिटॅमिन के रक्त गोठवतं. यांची गोळी जे अडवते, तेच ही कॅप्सूल पोटात घालतेय."

"पण भाजीच आहे हो ती."

"भाजीच आहे, म्हणून तर. डोस वाढवल्यावर या कॅप्सूल अचानक थांबल्या असत्या, तर उलट रक्तस्राव झाला असता. बोललात ते बरं केलंत."

भाऊजींना ऑपरेशनला नेलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ताई बसली.

"आवडीचा घास मागायचे गं," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मी काळजावर दगड ठेवून नाही म्हणायची."

"ताई..."

"आत्ता बोलू नकोस."

झडप बदलली. भाऊजी वाचले, पण गुठळीचा एक कण मेंदूत गेला होता. उजवा हात लुळा पडला आणि घरभर बडबड करणाऱ्या माणसाचे शब्द गेले.

धाकटीनं धंदा बंद केला. तरी ती दारोदार फिरली, कॅप्सूल घेतलेल्या प्रत्येक घरी विचारत गेली, "तुम्हाला कसली औषधं चालू आहेत? डॉक्टरांना बाटली दाखवा." एकीनं हसण्यावारी नेलं. एकीनं तोंडावर दार लावलं.

दुपारी ती भाऊजींना भरवायला जाऊ लागली. ताई बोलत नसे, पण त्या वेळेला दाराची कडी काढून ठेवायची.

एका दुपारी भाऊजी काहीतरी सांगू पाहत होते. ओठ हलले, डावा हात हवेत उठला. धाकटी चमचा धरून थांबली. घाई केली नाही. शब्द आलाच नाही. त्यांनी हळूच हात खाली घेतला.

"गार होतंय ते," आतून ताईचा आवाज आला. "भरव."

भाऊजींनी तोंड उघडलं.