आधी आवाज, मग चित्र

दिनेशच्या सातपूरच्या स्टुडिओत लग्नाच्या फिल्म तयार व्हायच्या, त्या लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-सिस्टिमवर. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनं एक अख्खं लग्न गिळलं, तेव्हापासून त्यानं जुन्या सिस्टिमला कोपरापासून हात जोडले होते. इथवर ठीक होतं. पण दोन हजार आठच्या मे महिन्यात गड्यानं बिनटेपचा नवा कॅमेरा घेतला आणि एकदाही न तपासता थेट लखनच्या लग्नात मिरवला. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल मात्र नंतर येते.

शनिवारी फाइल उघडली, तर सनई ऐकू येई आणि पडदा काळाच. कॅमेऱ्यानं दाबून भरलेलं चित्र उलगडणारा कोडेक त्याच्या मशीनमध्ये नव्हता. लखन देवळालीच्या तोफखान्यातला जवान. सोमवारच्या गाडीनं तो सीमेवर निघणार होता आणि सीडी त्याला सोबत हवी होती. शनिवारीच येऊन तो आठवण करून गेला. जाता जाता कुरकुरलाही, "आईला हौसेनं चपला आणल्या, तर लग्नात अनवाणीच फिरली. माझं काही तिला आवडतच नाही, दिनेशभाऊ."

इंटरनेटवर विचारल्यावर कुणा भल्या माणसानं एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सुचवली. तिच्यातून फाइल आधी बदलून घ्यायची, मग एडिटिंग. रविवारी सकाळी ते जमलं. पण मिनिटभराच्या चित्राला मशीन वीस मिनिटं घेई. तीन तासांच्या लग्नातला जेमतेम अर्धा तास हाती लागणार होता.

"कुठला अर्धा तास घेणार?" बायको मोहिनीनं विचारलं. "दिसत तर काहीच नाही."

"ऐकू येतंय ना. कानानं निवडू."

हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून दोघं बसले. मंगलाष्टकं ठेवली. आहेराच्या नावांची लांबण छाटली. मग अगदी जवळून लखनच्या आईचा, भिमाबाईंचा आवाज आला.

"घाल गं गुपचूप. मला सवय हाय."

"राहू द्या ना, आई." ही नवरी, तृप्ती.

"लखनला मातर सांगू नको."

तेव्हा कॅमेरा चालूच खांद्याला लटकत होता, हे दिनेशला आठवलं. जमिनीशिवाय काही आलं नसणार. पण मोहिनी म्हणाली, "असू द्या. किती मायेनं बोलतायत." त्यानंही ते ठेवलं.

सोमवारी लखन बॅग घेऊनच आला आणि उभ्या उभ्या पाहू लागला. तो तुकडा आला. पडद्यावर नुसते पाय. तृप्तीची सँडल तुटून बाजूला पडलेली, तिचे मेंदीचे पाय नव्याकोऱ्या चपलांमध्ये सरकत होते आणि शेजारी तापल्या खडीवर भिमाबाईंचे उघडे पाय.

लखन खाली बसला. "परत लावा," म्हणाला. दिनेशनं लावलं. मग लखननं मोबाइल काढून कळवणला घरी फोन केला.

"आई, तुझ्या चपला कुठंयत?"

"पेटीत ठेवल्यात की, जपून," पलीकडून भिमाबाई म्हणाल्या.

लखननं बाहीनं डोळे पुसले. हसू काही त्याला आवरेना.

"बरं केलंस," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."